केसरबाईचं पोटदुखणं

जानेफळ, ता. मेहकर
२९ ऑक्टोबर २००६

प्रिय धम्मा,
सप्रेम जयभीम.

परवा तू गनीभाऊच्या दुकानात फोन केला, तवा मी 'बरी हाये' म्हणलं. ते खोटं होतं. दुकानात चार माणसं साखर-चहापत्ती घ्यायले उभी, मागं कौशल्याबाई कान देऊन, अन् मी फोनात काय ओरडून सांगू, की माह्या पोटात दुखते? संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाले बातमी. म्हणून लिहून राह्यली. तू नर्स हाये, तुले समजीन.

तर असं हाये. छातीच्या खाली, मधोमध, जरा उजव्या अंगाले दुखते. जळते बी अन् आतून कोणी पिळल्यावाणी बी होते. जेवल्यावर अर्ध्या तासानं सुरू होते. चार दिवस काहीच नाही, मंग तीन दिवस जीव नको करते. पोट फुगते, आंबट ढेकर येते, मळमळते. अर्धी भाकर खाल्ली की पोट भरते. मागच्या वर्षीच्या कापूस-वेचणीपासून हे चालू हाये. पयले वाटलं जाईल. गेलं नाही.

शेजारची सिंधूताई म्हणते वटी सरकली, बेंबी जागची हालली. तिनं मले आडवं पाडलं, बेंबीवर पेटता दिवा ठेवला, वरून तांब्या उपडा घातला. दोन दिवस बरं वाटलं. आमच्या घरचे, तुहे मामा, सकाळ-संध्याकाळ शेळीचं दूध पाजून राह्यले. म्हणते, 'केसर, पोटाले गार वाटीन.' शेळीचं पिल्लू उपाशी, अन् मले बी गार वाटत नाही. टोळीतल्या बाया म्हणते, हे सारं बीटीच्या कापसाचं हाये. बीटी आली तवापासून हाताले खाज येते, तर पोटात काऊन जाणार नाही? नारायणराव ज्याच्या शेतात आम्ही वेचतो, तो हसते. म्हणते, 'कापूस वेचता का खाता?'

माहं काही खरं नाही असं वाटते कधी कधी. आपल्या टोळीत बारा जणी, अन् तेरावी मी, त्यायची मोठी. पयले कापूस हळूहळू फुटे, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आरामात वेचणी चाले. आता बीटीचं शेत एकदमच पांढरं होते, अन् चार मालक एकाच दिवशी बोलावते. अशात मी झोपून राह्यली तर टोळी मोडते. काय करू ते लिहिजो. फोन नको करजो.

तुही आत्या,
केसर

पुणे
६ नोव्हेंबर २००६

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून आधी रागावले, मग घाबरले. वर्षभर दुखतंय आणि मला आत्ता कळतंय! सात वर्षांची होते तेव्हापासून मला नुसती शिंक आली तरी तू कपाळाला हात लावून बघायचीस, आणि स्वतःचं मात्र गाठोडं बांधून ठेवतेस.

मी बाळंतिणींच्या वॉर्डात आहे, पोटाची डॉक्टर नव्हे. पण इथल्या मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, 'असं येऊन जाऊन दुखणारं पोट म्हणजे शंभर वाटांचं गाव.' साधं आम्लपित्त असेल. जंत असतील, खराब पाण्यानं होणारी आव असेल. जठराला आतून जखम झाली असेल, तिला व्रण म्हणतात. पित्ताच्या पिशवीत खडे झाले असतील. आतड्याचा क्षयसुद्धा असू शकतो. फवारणी झाल्या झाल्या शेतात शिरलं तरी पोट मुरडतं, ओकारी येते. बीटीच्या कापसानं पोट दुखतं असं मात्र कुठं सिद्ध झाल्याचं मी ऐकलेलं नाही. बायकांना म्हणावं, तो भुंगा डोक्यातून काढा, नाहीतर खरं कारण बाजूला राहील.

आता मी विचारते त्याचं खरं उत्तर दे. तुपकट-तेलकट खाल्लं की जास्त दुखतं का? ताप येतो? वजन उतरलं? ब्लाउज सैल झाले? फवारलेल्या शेतात किती दिवसांनी जातेस? तंबाखूची मिश्री किती वेळा? शौचाला काळं, डांबरासारखं होतं का? आणि कुठलं औषध, गोळी, चूर्ण, काढा, काहीही घेतेस का? हे दोन शेवटचे प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. लाजू नकोस. मी रोज बायकांची बाळंतपणं बघते, मला कशाचीच किळस येत नाही.

मेहकरला जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घे. मामांना बरोबर ने. शेळीचं दूध पिलाला पाजा.

तुझी,
धम्मा

जानेफळ
२४ नोव्हेंबर २००६

प्रिय धम्मा,
सप्रेम जयभीम.

पत्र भेटलं. उत्तराले उशीर झाला, वेचणी जोरात हाये.

तुह्या प्रश्नायची उत्तरं. तेलकट खाल्लं की दुखते, हाव. साधं खाल्लं तरी दुखते. ताप नाही. ब्लाउज सैल झाले, पण ते एकटीचे माहेच नाही, टोळीतल्या साऱ्यायचेच होते या दिवसात. फवारा मारला की आम्ही आठ दिवस तिकडं फिरकत नाही, नारायणराव बाकी कसाही असो, एवढं तो पाळते. मिश्री दोन वेळा. औषध कोणतंच घेत नाही, दवाखान्याची पायरी मी कधी चढली? शौचाचं विचारलं, ते ठीक हाये. असं पत्रात लिहीत नको जाऊ, माहे पत्र तुहे मामा बी वाचते.

मेहकरले जाऊन आली. त्या बाईनं पोटावर गार गार काही लावलं अन् मशीन फिरवलं. टीव्हीवर सारं राखाडी दिसे, पाऊस भरून आल्यावाणी. डॉक्टर म्हणे, 'आजी, पित्ताच्या पिशवीत खडा आहे, हरभऱ्याएवढा.' मी पन्नाशीची बी नाही अन् मले आजी म्हणे. म्हणे ऑपरेशन करून पिशवी काढून टाकू, दुखणं गेलं समजा. रिपोर्ट सोबत जोडला हाये.

खरं सांगू? खडा हाये ऐकून मले बरं वाटलं. निदान काही तरी हाये. मामा तर रिपोर्ट शर्टाच्या खिशात घालून गावभर दाखवून आले. पण ऑपरेशन आता नाही, धम्मा. संक्रांतीपर्यंत नाही. कोकिळेचं लेकरू लहान हाये, जनकाबाईच्या घरचा माणूस कामाले जात नाही. मी नसली तर मालक त्या बायायले वजनात फसवते.

तुही आत्या,
केसर

पुणे
२ डिसेंबर २००६

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

रिपोर्ट आमच्या सर्जनना दाखवला. खडा आहे हे नक्की. जेवल्यावर दुखणं, उजव्या बाजूला, तेलकटानं वाढणं, सगळं जुळतंय. सर म्हणाले पुण्याला घेऊन या, दुर्बिणीनं करू, तीन बारीक भोकं, चार दिवसांत घरी. मी तारीखसुद्धा घेतली आहे, २० डिसेंबर. रजा मंजूर झाली आहे. मामांनी तुला १८ तारखेला मेहकरहून गाडीत बसवून द्यावं, मी स्टँडवर येते.

संक्रांतीपर्यंत थांबायचं नाव काढू नकोस. टोळी कौशल्याबाई सांभाळतील. दोन वर्षं मी गावाकडं आले नाही, ही माझी चूक. पण आता एकदा माझं ऐक. माझ्या शिक्षणासाठी तू कुणाकुणाचं ऐकून घेतलंस ते मला माहीत आहे. आता माझी पाळी आहे.

काही खायचं पथ्य नाही, फक्त तेल कमी.

तुझी,
धम्मा

जानेफळ
९ डिसेंबर २००६

धम्मशीला बेटीले अब्दुल गनीचा दुआ-सलाम.

बेटी, मी किराणावाला गनीचाचा. तुले कधी पत्र लिहिलं नाही, फोन जोडून देत आलो. आज फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहून राह्यलो. मराठी लिहिण्यात चुका होतीन, समजून घेजो.

केसरबाई ऑपरेशनले पुण्याले चालली असं तुहे मामा कचरूभाऊ दुकानात सांगून गेले. त्यायच्या तोंडून खड्याचं ऐकलं अन् मले रात्रंदिवस एकच गोष्ट खटकून राह्यली. तिनं तुले गोळ्यायचं सांगतलं का? मले वाटते नाही सांगतलं.

तीन हंगाम झाले, वेचणीच्या दिवसात केसरबाई रोज सकाळी सहा वाजता माह्या दुकानात येते. कंबरदुखीच्या गोळ्यायच्या पट्ट्या घेते, साऱ्या टोळीसाठी. प्रत्येकीले एक. स्वतः दोन घेते, अन् दुपारी आणखी एक. दुकानाच्या पायरीवर बसूनच कोऱ्या चहासोबत घेते. पोटात त्याआधी काही नसते. मी मालक, मी पाहतो, अन् मी पट्टी कापून देतो.

माही लेक महनूर खामगावले औषधाचं शिकते, ती सुट्टीत घरी आली हाये. परवा ती गल्ल्यावर बसली होती. केसरबाई गेल्यावर तिनं पट्टी हातात घेऊन विचारलं, 'अब्बा, ह्या गोळ्या किती दिवसांपासून देता?' मी सांगतलं. पोरीचा चेहरा उतरला. म्हणे, 'ही गोळी उपाशीपोटी, रोज, अशी घेतली तर पोट आतून फाटते. रक्त जाते. डॉक्टराशिवाय ही द्यायचीच नाही.' मी म्हणलं सारं गाव घेते. ती म्हणे, 'मग सारं गाव तुमच्याकडून घेते, अब्बा.'

काल केसरबाई पायरीवर बसली ते उठलीच नाही पाच मिनिटं. तोंड पांढरं, ओठ पांढरे. म्हणे चक्कर आली, काही नाही. माही घरवाली नूरजहांनं आतून पाणी आणलं. केसरबाईनं तिच्याजवळ हळूच सांगतलं की महिनाभरापासून शौचाले काळं होऊन राह्यलं. बायकायची गोष्ट हाये, कोणाले सांगू नको अशी कसम बी घातली, पण नूरजहां म्हणे धम्माले कळवा, मी कसम मोडली तर चालीन.

किराणा दुकानात अशी गोळी ठेवायचं लायसन माह्यापाशी नाही. हे मी माह्या हातानं तुले लिहून देऊन राह्यलो. पुढं जे होईल ते होवो. ऑपरेशनच्या आधी हे तुले माहीत पायजे होतं. आजपासून मी पट्ट्या काढून टाकल्या, तिले तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, 'माल संपला' म्हणलं, पण तिच्यापाशी जुन्या असतीन.

तुहा चाचा,
अब्दुल गनी

बुलढाणा
२१ डिसेंबर २००६

प्रिय धम्मा,
सप्रेम जयभीम.

तू काल दुपारच्या गाडीनं गेली अन् मी आज लिहायले बसली. पाच दिवस तू माह्या उशाशी बसली होती, तवा बोलता आलं नाही. तोंडासमोर बोलणं मले जमत नाही, तुले माहीत हाये. डॉक्टर म्हणे परवा घरी सोडतो. नर्स चांगली हाये, तिच्याकडून कागद मागून घेतला.

त्या दिवशी काय झालं ते तुले दुसऱ्यायनं सांगतलं, मी सांगते. आम्ही नारायणरावच्या नाल्यापलीकडच्या शेतात होतो. दहा वाजले असतीन. गनीभाऊ लुनावर धुराळा उडवत आला. त्याले कधी शेतात पाह्यलं नव्हतं. लुना आडवी टाकून कापसाच्या पऱ्हाटीतून धावत आला अन् दुरूनच ओरडला, 'केसरबाई, खाली बस! धम्माचा फोन आला. ती गोळी घेऊ नको!'

मी म्हणलं, 'कोणती गोळी?'

'माह्या दुकानातली. कंबरेची.'

बाराच्या बारा जणी उभ्या राहून ऐकून राह्यल्या. मले असा राग आला, धम्मा! मले वाटलं यानं मले सगळ्यायसमोर चोर ठरवलं. मी म्हणलं, 'भाऊ, विकतांना बरी होती गोळी, आता काऊन वाईट झाली?' त्यानं मान खाली घातली. मी त्याच्या अंगावर जायले दोन पावलं टाकली अन् पोटातून असं काही वर आलं की बसलीच. चहाच्या चोथ्यावाणी काळं काळं. मंग लाल. कोकिळेनं माहं डोकं मांडीवर घेतलं, ती रडत होती एवढं आठवते.

नारायणरावची बैलगाडी शेताच्या धुऱ्यावर भरून उभी होती. सगळा वेचलेला कापूस. त्या माणसानं, जो आमच्यासोबत अर्ध्या किलोसाठी भांडते, त्यानं गाडीवर चढून सारे गठ्ठे खाली लोटले. मातीत. म्हणे, 'टाका हिले गाडीत!' रस्त्यापर्यंत गाडी, तिथं गनीभाऊनं पुढं जाऊन जीप थांबवून ठेवली होती. मेहकरच्या दवाखान्यानं पुढं पाठवलं, अन् बुलढाण्यात दुर्बीण तोंडातून घातली. जठरात दोन जखमा. तिथंच तू आली. दोन बाटल्या रक्त चढलं, कोणाचं हाये माहीत नाही. ज्याचं असीन त्याले मी रोज जयभीम घालते.

आता जे तुले सांगतलं नाही ते. तू विचारलं होतं, औषध घेते का. मी 'नाही' लिहिलं. मनात म्हणलं, ते औषध थोडीच हाये, ती तर कंबरेची गोळी, चहासारखी. पण मले थोडं थोडं समजत होतं, धम्मा. दोन दिवस गोळी नाही घेतली की पोट शांत व्हायचं, पण मंग कंबर उठू देत नव्हती. शौचाचं बी मले माहीत होतं. तू गोळी बंद कर म्हणशीन, अन् मंग वेचणी कशी करू? सकाळच्या गारव्यात वेचलं तर कापसाले पाचोळा लागत नाही, म्हणून उजाडायले शेतात जा लागते. भाकर होत नाही तवर. गोळी अन् कोरा चहा, बस.

त्याच्याहून वाईट पुढं हाये. मी बाकीच्यायले बी देत होती. कोणी मागितली नव्हती. पयल्या वर्षी जनकाबाई कंबर धरून बसली, तिले मी दिली, अन् ती उठून वेचायले लागली. मले वाटलं मी पुण्य केलं. मंग रोज साऱ्यायच्या तळहातावर एक एक ठेवत गेली. कोकिळा ओली बाळंतीण, तिले बी. आता डोळे मिटले की ते बारा तळहात दिसते. मी त्यायले कोणत्या तोंडानं सांगू?

केसर

पुणे
२८ डिसेंबर २००६

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

आधी चांगली बातमी. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याचा तपास आला, त्यात वाईट काही नाही. नुसती जखम आहे आणि ती भरून येईल. दोन महिने औषध चुकवायचं नाही, मग पुन्हा दुर्बीण. पित्ताच्या पिशवीतला खडा हा भलताच पाहुणा निघाला. कित्येकांच्या पोटात असा खडा आयुष्यभर निजून राहतो, त्रास देत नाही. त्याला सध्या निजू द्यायचं.

तू तुझं लिहिलंस, आता माझं ऐक. मी तुला लिहिलं होतं, 'सगळं जुळतंय.' मला खडा सापडला आणि मी शोधणं थांबवलं. तुझ्या पत्रात 'साधं खाल्लं तरी दुखते' असं होतं, 'ब्लाउज सैल झाले' असं होतं. मी ते वाचलं आणि पुढे गेले, कारण मला तुझ्यासाठी काहीतरी करून दाखवायचं होतं. तारीख घेतली, रजा घेतली. ते ऑपरेशन झालं असतं तर पिशवी गेली असती, जखम तशीच वाहत राहिली असती आणि दुखलं की तू पुन्हा तीच गोळी घेतली असतीस. गनीचाचांचं पत्र वाचलं आणि तशीच फोनकडे धावले. त्यांना वेगळं पत्र लिहिलं आहे. नुसते आभार मानलेत, दुसरं काही लिहायला सुचलं नाही. दोष द्यायचा तर तो वाटून घ्यायला आपण तिघं आहोत, एकटीनं उचलू नकोस.

बायकांना मात्र सांगच. रडून नको, साधं सांग. कुणाला तुझ्यासारखं जळतं, काळं होतं, चक्कर येते, त्यांनी लगेच तपासून घ्यावं. कोकिळेला आधी ने. कंबरेसाठी दुसऱ्या, पोटाला सोसणाऱ्या गोळ्या असतात, पण त्याही डॉक्टरला विचारूनच घ्यायच्या. आणि खरा उपाय गोळीत नाही. कमरेला बांधलेली कापसाची ओटी अर्धी भरली की रिकामी करा, काठोकाठ भरून ओढत नेऊ नका. तासातासाला पाठ सरळ करा. आणि खाल्ल्याशिवाय वाकायचं नाही, पाचोळा लागला तरी चालेल.

तू त्यांच्या वजनाच्या काट्याशी उभी राहतेस ना, तशीच यासाठी उभी राहा.

तुझी,
धम्मा

जानेफळ
१९ जानेवारी २००७

प्रिय धम्मा,
सप्रेम जयभीम.

संक्रांत झाली. मी वेचायले जात नाही, धुऱ्यावर बसून राहते. मामा औषधाची वेळ घड्याळात पाहून सांगते, त्यायले दुसरं कामच उरलं नाही.

बायायले सांगतलं. नारायणरावच्या शेतात, दुपारच्या जेवणाच्या वेळी. मी म्हणलं, 'बायांनो, मी रोज तुमच्या हातावर गोळी ठेवत होती. त्या गोळीनं माह्या पोटाले भोक पडायची वेळ आली. तुम्हाले बी दिली, न विचारता दिली. माही चूक झाली.' कौशल्याबाई पदरानं तोंड पुसत राह्यली, मंग भडकली. 'चूक झाली म्हणते! अन् आता कंबर कशानं सरळ करू? ते बी सांग ना!' ती बरोबर बोलली. मी तुह्या पत्रातलं वाचून दाखवलं, अर्धी भरली की ओटी रिकामी करायचं, तासातासाले उभं राह्याचं. जनकाबाई उठून गेली. ती ऐकत नाही, ती आता मेहकरहून गोळी आणते. तिच्यामागं लागून राह्यली, पण अजून नाही जमलं.

मंग कोकिळा माह्याजवळ आली. हळूच म्हणे, 'आत्या, मले बी जळते. दोन महिने झाले. तुम्ही एवढ्या मोठ्या, तुम्ही काही म्हणत नव्हत्या, मंग मी काय बोलू?' धम्मा, मी चूप राह्यली म्हणून ती बी चूप राह्यली होती. दुसऱ्या दिवशी मीच तिले घेऊन बुलढाण्याले गेली. जठराले सूज हाये, जखम नाही. सहा आठवड्यायचं औषध. डॉक्टर म्हणे वेळेवर आणली. येतांना जीपमध्ये ती माह्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

नारायणरावसोबत भांडण झालं. मी म्हणलं, टोळी उजाडायले येईल, पण पयले धुऱ्यावर बसून भाकर खाईल, मंग कापसाले हात लावील. तो म्हणे, 'पाऊण तास माहा कोण भरून देईन? ऊन चढलं की पाचोळा लागते.' मी म्हणलं, 'दादा, माह्यासाठी तुम्ही भरली गाडी मातीत लोटली. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मले दुसऱ्यांदा गाडीत टाकायची पाळी येऊ देऊ नका.' तो पाठ फिरवून निघून गेला. मले वाटलं गेली टोळी. सकाळी पाह्यलं तर धुऱ्यावर पाण्याची घागर भरून ठेवलेली. म्हणे, 'अर्धा तास. जास्त नाही.' अर्ध्या तासात होते आपली भाकर.

आता शेवटचं. गनीभाऊ माह्यासमोर येतच नव्हता. मी दुकानात गेली की आत जाऊन बसे, नूरजहां सामान देई. महनूर मात्र खामगावहून येते तवा माहं औषध तपासून पाहते, मोठ्या डॉक्टरीणवाणी. काल मीच त्यायच्या घरात शिरली. तो खाटेवर बसला होता, उठून उभा राह्यला. मी म्हणलं, 'भाऊ, तू लिहिलं नसतं तर मी या दुनियेत नसती.'

तो म्हणे, 'मी विकलं नसतं तर तुले लिहायची वेळच आली नसती.'

मी म्हणलं, 'दोन्ही खरं हाये. पण विकणारे पुष्कळ हाये. आपल्या हातानं लिहून देणारा मले एकच भेटला.' त्यानं डोळे पुसले अन् नूरजहांवर ओरडला, 'केसरबाईले जेवायले वाढ!' मी नको नको म्हणलं, कोण ऐकते. मुगाची खिचडी, दही, वरून ज्वारीची भाकर. मी सारं खाल्लं. पुरी भाकर. सव्वा वर्षात पयल्यांदा.

जेवण झालं, हात धुतले, अन् मी तिथंच भिंतीले टेकून बसली. नूरजहां म्हणे, 'काय व केसरबाई, कोणाची वाट पाहता?'

मी म्हणलं, 'दुखण्याची. अर्ध्या तासानं येते ते.'

ती बी माह्याजवळ बसली. गनीभाऊ बी दारात टेकला. तिघं बसून राह्यलो. अर्धा तास झाला, पाऊण झाला. आलं नाही. मंग आम्ही तिघं एवढे हासलो, एवढे हासलो, की दुकानात आलेलं गिऱ्हाईक आत डोकावून पाहून गेलं.

तू पाच दिवस रजा टाकून बसली, तवा मी तुले एक शब्द बोलली नाही. आपल्या घरात तसं म्हणायची रीत नाही. म्हणून इथं लिहून ठेवते, धम्मा. तुहे उपकार झाले. तुहे, त्या दोघायचे, माह्या बायायचे, अन् ज्याचं नाव मले माहीत नाही त्या रक्ताच्या माणसाचे.

तुही आत्या,
केसर